थेंब चेंबरखाली, गळती फिल्टरला

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवलेत. कूलरचा आवाज मात्र लिहिता आला नाही.)

मी सध्या रावेरला घरी आहे, आणि मागे जो घर्रघर्र आवाज येतोय तो आमच्या कूलरचा. बंद केला तर मी बोलू शकत नाही, चालू ठेवला तर तुम्हाला नीट ऐकू येणार नाही. बाहेर ४३ डिग्री आहे, तेव्हा कूलर चालू राहणार. हेडफोन लावा.

गेल्या दोन महिन्यांत एकच प्रश्न खूप जणांनी पाठवला: व्हिडिओ बघून गाडीचं ऑइल घरीच बदलू का? माझं उत्तर आहे, बदला. अवघड काही नाही. पण मी पहिल्यांदा बदललं तेव्हा काय झालं ते आधी ऐका. ही गोष्ट आमच्या घरात फार बोलली जात नाही, कारण त्या दिवशी माझ्या बहिणीची सीईटी होती.

आमची गाडी म्हणजे दहा-अकरा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी. पप्पांची. केळीच्या बागेत जायला त्यांना बाइक लागते, ही गाडी दवाखाना, लग्न आणि बऱ्हाणपूरच्या बाजारासाठी. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी पुण्याहून आठ दिवस घरी आलो होतो. सर्व्हिसिंगची वेळ झालेली. पप्पा म्हणाले गॅरेजला टाक. मी म्हटलं, मजुरी कशाला द्यायची, मी करतो. खरं सांगायचं तर मजुरीचं कारण नव्हतंच. मला करून दाखवायचं होतं.

रविवारी सकाळी बसलो. गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, म्हणजे तेल पातळ होतं आणि लवकर उतरतं. जॅक लावला, खाली घोड्या लावल्या. (नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरू नका. हे मी एकदाच सांगणार, पण ऐका.) चेंबरचा नट खोलला, काळं तेल घमेल्यात उतरवलं. नट परत बसवला, जुन्याच वायसरवर. मग फिल्टर. आमच्या गाडीचा फिल्टर डब्यासारखा, हाताने फिरवून निघणारा. तो इंजिनच्या मागच्या बाजूला अशा ठिकाणी आहे की दिसत नाही, फक्त हात पोचतो. जाम बसला होता, पट्ट्याच्या पान्याने सुटला. नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने थोडं तेल लावलं, कारण व्हिडिओत तसं लावतात. हाताने घट्ट केला. वरून नवीन तेल ओतलं, डिपस्टिक बघितली, बरोबर वरच्या खुणेपाशी. गाडी चालू केली, खाली वाकून बघितलं, एक थेंब नाही. मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. तो फोटो अजून माझ्या मित्रांकडे आहे आणि ते तो दर दिवाळीला परत पाठवतात.

दुपारी चौकापर्यंत जाऊन आलो. संध्याकाळी अंगणात बघतो तर गाडीखाली चार थेंब, एक-एक रुपयाएवढे. थेंब कुठे होते? बरोबर चेंबरच्या नटाखाली. नटाच्या टोकालाच एक थेंब लोंबत होता.

आता तुम्ही काय कराल? मी तेच केलं. नट ढिला राहिला म्हणून पाना घेतला, पान्याला पाइप लावला आणि आवळला. थोडा आवळला, अजून थोडा आवळला, आणि मग हाताला एक मऊ ‘कट्’ जाणवला. ज्यांनी कधी आटे मारलेत त्यांना तो ‘कट्’ माहीत असेल. पोटात गोळाच येतो. नट सुटला नव्हता, फिरतही नव्हता. मी स्वतःला सांगितलं, काही नाही झालं.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाकला. सकाळी पुठ्ठा कोरडा. मला एवढा आनंद झाला की विचारू नका. गळती थांबली! सोमवारी गाडी जागची हलली नाही, पुठ्ठा कोराच. घरात कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना.

मंगळवारी बहिणीची सीईटी. सेंटर जळगावला, सकाळची शिफ्ट, साडेसातला पोचायचं. रावेरहून जळगाव सुमारे ७० किलोमीटर, सावदा, फैजपूर, भुसावळ करत. पाचला निघालो. पप्पा चालवत होते, मी बाजूला, ती मागे हॉलतिकीट आणि पाण्याची बाटली घेऊन, डोळे मिटून सूत्रं पुटपुटत होती. रस्त्यावर अंधार, केळीचे ट्रक समोरून येत होते. विवरे गावापाशी गतिरोधक आला, पप्पांनी गाडी हळू केली, आणि समोर लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या किटलीचं चित्र असतं तो. पप्पांनी परत वेग घेतला, दिवा गेला.

पप्पा म्हणाले, “लागला होता का रे दिवा?”

मी म्हटलं, “सेन्सर असेल. जुना झालाय.”

हे वाक्य लक्षात ठेवा, आपण याच्याकडे परत येणार आहोत. मला चार थेंब माहीत होते, तो ‘कट्’ माहीत होता, आणि तरी तोंडातून निघालं ‘सेन्सर’. मिनिटभराने दिवा परत लागला, आणि आता तो जाईना. पप्पा म्हणाले, “सावद्यापर्यंत नेऊ का? तिथे गॅरेज उघडेल.” सावदा अजून बरंच लांब होतं. मागून बहिणीचा आवाज आला, “दादा, काय झालं?” तेव्हा मी म्हटलं, “पप्पा, बंद करा. आत्ता बंद करा. रविवारी थेंब पडले होते, मी सांगितलं नाही.”

त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी बॉनेट उघडलं, मोबाइलच्या टॉर्चमध्ये डिपस्टिक ओढली. कोरडी. अगदी टोकालासुद्धा ओलावा नाही. गाडीखालचा रस्ता मात्र ओला होता, आणि मागचा बंपर तेलाने चकचकत होता.

नशीब एवढंच की मागून रावेरहून एसटी आली. पप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले दोन्ही हात वर करून. कंडक्टरने आधी दोन शब्द सुनावले, मग हॉलतिकीट बघितलं आणि म्हणाला, “चढा पटकन.” पप्पा आणि बहीण गेले. मी गाडीपाशी. बहीण गेट बंद व्हायच्या आत पोचली. ते मला साडेआठला फोनवर कळलं, आणि पाच ते साडेआठ हे साडेतीन तास मी रस्त्याच्या कडेला काय विचार करत होतो ते मी इथे सांगणार नाही.

आता मुद्द्यावर येऊ. गाडी दोरीने ओढून रावेरला एका चाचांच्या गॅरेजला आणली. चाचा म्हणजे साठीचे मिस्त्री, पप्पांच्या ओळखीचे. मी गेल्या गेल्या सांगितलं, “चेंबरचा नट गळतोय, आटे गेलेत.” चाचांनी गाडीखाली बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “बेटा, तेल वरून खाली येतं. खालून वर जातं का?”

मग त्यांनी मला एक ब्रश, डबाभर डिझेल आणि जुनं कापड दिलं. “आधी तिला आंघोळ घाल. अशा घाणीत मला काय दिसणार?” इंजिन एव्हाना पूर्ण थंड होतं, गरम इंजिनवर डिझेल मारायचं नसतं. तासभर मी चेंबर, नट, फिल्टर, गिअरबॉक्सची बाजू, सगळं पुसून कोरडं केलं. चाचा चहा पीत बसले होते आणि मधूनमधून विचारत होते. त्यांचे प्रश्न मला आजही पाठ आहेत, कारण त्यातल्या एका प्रश्नात सगळं उत्तर होतं.

त्यांनी विचारलं, “थेंब गाडी उभी असताना पडत होते, की चालवून आल्यावर?”

मी म्हटलं, “चालवून आल्यावर. रात्रभर उभी होती तेव्हा एकही नाही.”

“मग नट कसा?”

जरा थांबून हे समजून घ्या, कारण इथेच माझी चूक होती. चेंबर म्हणजे काय, तर इंजिनच्या बुडाशी असलेलं एक घमेलं. त्यात तेल नुसतं साचून असतं, तिथे पंपाचा दाब नसतो. नट ढिला असेल, वायसर गेलेला असेल, तर तेल आपल्या वजनाने गळतं. गाडी चालू असो वा बंद, दिवसा-रात्री, टिप टिप टिप. माझा पुठ्ठा सकाळी कोरडा होता याचा अर्थ मी नट आवळून गळती थांबवली असा नव्हता. तेल मुळात नटातून येतच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

फिल्टरचं वेगळं. पंप चेंबरमधून तेल ओढतो आणि दाबाने फिल्टरमधून पुढे पाठवतो. गाडी जागेवर उभी राहून चालू असते, इंजिन गरम असतं, तेव्हा हा दाब साधारण एक बारच्या आसपास असतो. हायवेला वेगात तो तीन-चार बारवर जातो. अंदाज येण्यासाठी सांगतो, गाडीच्या टायरमध्ये हवा असते ती साधारण दोन बार. म्हणजे फिल्टरच्या तोंडाशी असलेली ती एक रबरी रिंग टायरच्या दीड-दुप्पट दाब अडवून धरते. ती जरा चुकीची बसली, की अंगणात काही दिसत नाही, चौकापर्यंत जाऊन आलं की चार थेंब, आणि हायवेला लागलं की पिचकारी.

मग थेंब नटालाच का लोंबत होता? कारण तेल फिल्टरवरून ओघळलं, चेंबरच्या कडेने खाली आलं, आणि चेंबरचा सगळ्यात खालचा बिंदू कोणता? नट. तिथून बाहेर यावं म्हणूनच तो तिथे बसवलेला असतो. इंजिनला कुठेही गळती असू दे, थेंब बहुतेक वेळा तिथेच येऊन पडणार. त्यात चालत्या गाडीला खालून वारा लागतो, तो तेल मागे ढकलतो. म्हणून चाचांचा नियम असा की पुसून कोरडं केल्यावर सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे ओलं दिसेल तिथे बघायचं. खालचं सगळं विसरायचं.

पुसून झालं. चाचांनी नवीन तेल ओतलं आणि गल्ल्यातून चक्क अंगाला लावायची पावडर काढली. फिल्टरच्या भोवती, चेंबरच्या जोडावर, नटाभोवती ती भुरभुरली. मला हसू आलं. कोरड्या पांढऱ्या पावडरवर तेलाची एक बारीक रेघ उठली तरी लगेच दिसते. गाडी चालू केली. एक मिनिट, काही नाही. चाचा म्हणाले, “रेस दे.” मी अॅक्सिलरेटर दाबला. ते खाली झोपून टॉर्चने बघत होते. “बंद कर, बंद कर!” मी खाली गेलो. फिल्टरच्या कडेला पावडर काळी झाली होती आणि तेल धारेने खाली येत होतं. नटाभोवतीची पावडर अजून पांढरी होती.

फिल्टर खोलला. चाचांनी आत बोट घातलं आणि इंजिनच्या तोंडावरून एक काळी, चपटी झालेली रिंग सोलून काढली. जुन्या फिल्टरची. नव्या फिल्टरची रिंग त्याच्या जागेवर होतीच. एकावर एक दोन रिंगा. मी जुना फिल्टर काढला तेव्हा त्याची रिंग उष्णतेने इंजिनलाच चिकटून राहिली होती, आणि मी न बघता त्यावर नवीन फिल्टर चढवला. काळ्या तेलात काळी रिंग, दिसणार कशी? पण बोट फिरवलं असतं तर कळलं असतं. किंवा काढलेल्या जुन्या फिल्टरकडे एकदा बघितलं असतं, याला रिंग आहे का नाही, तरी कळलं असतं. तो फिल्टर अंगणात दोन दिवस पडून होता.

चाचांना नवल वाटलं नाही. हे त्यांनी डझनभर वेळा बघितलंय, म्हणाले. आणि मला नंतर वाचताना कळलं की ही चूक फक्त अंगणात होत नाही.

५ मे १९८३. ईस्टर्न एअरलाइन्सचं ८५५ नंबरचं विमान, मायामीहून बहामाच्या नासाउला निघालेलं. तीन इंजिनांचं मोठं लॉकहीड ट्रायस्टार, आत १७२ माणसं. आदल्या रात्री मेकॅनिकांनी तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. चिप डिटेक्टर म्हणजे तेलात धातूचा कीस आला तर पकडणारा चुंबकाचा प्लग. त्याला रबरी ओ-रिंगा लागतात. रोज हे प्लग ओ-रिंग बसवूनच हाताशी ठेवलेले मिळायचे. त्या रात्री तयार प्लग नव्हते, स्टोअरमधून आणले, आणि त्यांना ओ-रिंगा नव्हत्या. कोणी बघितलं नाही. इंजिन स्टार्टरवर थोडे सेकंद फिरवून गळती तपासली. दिसली नाही. माझ्यासारखीच, मी अंगणात वाकून बघितली होती तशी.

हवेत गेल्यावर आधी मधल्या इंजिनाचा तेलाचा दाब पडला. वैमानिकांनी ते बंद केलं आणि मायामीला परत वळले. मग उरलेल्या दोन्ही इंजिनांचे दिवे लागले, तिन्हीचे तेलाचे काटे शून्यावर. आणि कॉकपिटमध्ये त्यांना वाटलं की तिन्ही इंजिनांचं तेल एकाच वेळी कसं संपेल, मीटरचाच काहीतरी घोटाळा असेल.

मी हे वाचलं तेव्हा मोबाइल खाली ठेवला. ‘सेन्सर असेल.’ अर्थात त्यांच्याकडे तसं समजायला कारण होतं, तीन इंजिनांचं एकदम जाणं खरंच अशक्य वाटतं. माझ्याकडे तर चार थेंबांचा पुरावा होता. पुढे एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली, विमान समुद्रावर इंजिनाशिवाय खाली येत राहिलं, आणि साधारण ४,००० फुटांवर आधी बंद केलेलं मधलं इंजिन परत सुरू झालं. त्या एकाच इंजिनावर ते मायामीला उतरले. १७२ पैकी एकही माणूस गेला नाही.

तर तो लाल दिवा. बऱ्याच जणांना वाटतं तो तेल कमी झालं म्हणून सांगतो, म्हणजे पेट्रोलच्या रिझर्व्हसारखा, अजून तीस-चाळीस किलोमीटर जाईल. तसं नाही. आपल्या साध्या गाड्यांमधला तो दिवा दाबाचा आहे. दाब जवळजवळ संपला की लागतो. पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागलेला असतो. म्हणून आधी तो गतिरोधकावर, इंजिन हळू झाल्यावर लुकलुकला आणि वेग घेतल्यावर गेला. गेला म्हणजे बरं झालं असं नव्हतं. दिवा लागला की गाडी कडेला आणि इंजिन बंद, पुढचं गॅरेज कितीही जवळ असू दे. सावद्यापर्यंत नेली असती तर बेअरिंग घासून इंजिन जाम झालं असतं, आणि पप्पांनी त्या वर्षी केळीचे जे पैसे बाजूला ठेवले होते ते तिथेच गेले असते.

तेल किती आहे हे दिव्यावरून कळत नाही, डिपस्टिकवरून कळतं. तिच्या दोन खुणांमध्ये छोट्या गाडीत साधारण एक लिटरच्या आसपास फरक असतो. सोमवारी संध्याकाळी मी एकदा ती ओढली असती तर पातळी उतरलेली दिसली असती. मी पुठ्ठा बघत बसलो.

चाचांनी इंजिन नंतर बराच वेळ कान लावून ऐकलं. टॅपेटचा थोडा आवाज होता, तो दोन दिवसांत गेला. इंजिन वाचलं. चेंबर नाही वाचलं. गळती नटाची नव्हती, पण पाइप लावून मी आटे मारले होते ते खरे होते, नवीन तेल टाकल्यावर तिथून गाडी बंद असतानाही टिपकायला लागलं. म्हणजे न गळणाऱ्या जागेला मी गळायला शिकवलं. नवीन चेंबर टाकावं लागलं. वाया गेलेलं तेल, चेंबर, मजुरी मिळून गॅरेजला सरळ टाकली असती त्याच्या पाचपट गेले.

आता मी ऑइल बदलतो तेव्हा काय करतो ते भरभर सांगतो. जुना फिल्टर निघाला की आधी त्याच्या तोंडाकडे बघतो, रिंग आहे ना. मग इंजिनच्या तोंडावरून कापड आणि बोट. नवीन फिल्टर रबर टेकेपर्यंत हाताने, नंतर डब्यावर छापलं असेल तेवढाच फेरा, बहुतेकांवर पाऊण ते एक. पान्याने आवळायचा नाही. चेंबरच्या नटाला नवीन वायसर, दहा-वीस रुपयांची वस्तू, आणि पाइप तर नाहीच. मग सगळं पुसायचं, कारण फिल्टर काढताना थोडं तेल सांडतंच आणि ते एक-दोन दिवस टिपकून फसवतं. गाडी चालू करून थोडी रेस देऊन बघायचं. दहा किलोमीटर जाऊन येऊन परत बघायचं, आणि डिपस्टिक दुसऱ्या दिवशी परत. लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी मुळात काही उघडायचंच नाही.

आणि सगळंच फिल्टरवर ढकलू नका. ऑइल ओतायचं झाकण नीट लावलेलं नसतं, तेल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असतं, किंवा टॅपेट कव्हरचं पॅकिंग आधीपासूनच पाझरत असतं आणि ऑइल बदलल्यावर आपण पहिल्यांदा खाली वाकून बघतो. म्हणून तर आधी आंघोळ.

काळं तेल कोणी विचारलं होतं, त्याचं काय करायचं. आमच्याकडे सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला घेऊन जातात, पण ते शेवटी मातीतच उतरतं. डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडून जुनं तेल घेणारे येतात. बांधावर ओतू नका. रावेर-यावलकडे बोअरचं पाणी किती खोल गेलंय ते इथल्या कोणालाही विचारा, आहे त्यात तेल नको.

बहीण आता इंजिनिअरिंगला आहे. ब्रांच मेकॅनिकल. मी काही बोललो नाही, ती पण काही बोलली नाही. गेल्या रविवारी तिनेच ऑइल बदललं. मला खाली शिरू दिलं नाही, टॉर्च धरायला उभं केलं.

तुमच्या गाडीखाली डाग दिसत असेल तर फोटो पाठवा, पुढच्या भागात बघू. फक्त फोटोच्या आधी पुसून घ्या, आणि गाडी चालवून आल्यावर पडतोय की उभी असताना, तेवढं लिहा. चला, कूलरमधलं पाणी संपत आलंय.